दादाचा खांब

एक डोंगर मी चार फुटांनी बुटका करून ठेवला होता आणि त्रेचाळीस वर्षं कुणाच्या बापाला त्याचा पत्ता नव्हता. मग एके सकाळी मी भाजी निवडत बसले होते आणि नकाशा कचेरीतून फोन आला.

"मॅडम, तुम्ही आमच्या गणित विभागात होतात ना?" पोरीचा आवाज गोड होता. "एका जुन्या तक्त्यावर तुमची सही आहे. त्या लांबच्या, दोन टोकांच्या डोंगराचा तक्ता. आम्ही तो डोंगर परत मोजला, तर..."

"दक्षिणेचं टोक उंच निघालं," मी म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"किती उंच?"

"चार फूट. दोन महिन्यांनी जाहीर करणार आहोत. साहेब म्हणाले, मॅडमना आधी कळवा, उगाच कुठेतरी वाचून धक्का नको बसायला."

"साहेबांना म्हणावं, बसायचा तेव्हा बसून गेला," असं म्हणून मी फोन ठेवला. त्यानंतर मी पानं कचऱ्यात टाकली आणि देठं चाळणीत. लक्षात आलं तोवर देठं धुऊनसुद्धा झाली होती.

मला माझी काळजी नव्हती. एकाहत्तराव्या वर्षी माझी नोकरी कोण काढून घेणार? काळजी होती ती भाऊजींची.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. माझ्याहून एका वर्षाने लहान, पण कुरकुरण्यात माझ्या चार पावलं पुढे. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. आठवडाभर भिंगं घासायची आणि सुट्टी आली की पाठीला पिशवी लावून डोंगर गाठायचा. शिक्षण अर्धवट सोडलं, व्हायोलिन शिकायला गेले तेही अर्धवट, एकदा लग्न ठरलं तेसुद्धा साखरपुड्याच्या पुढे गेलं नाही. आयुष्यात एकच गोष्ट त्यांनी शेवटाला नेली. डोंगर फिरणाऱ्या मंडळींची एक यादी असते, देशातल्या सगळ्यात उंच एकशे चौदा शिखरांची. ती त्यांनी बावीस वर्षांत पुरी केली. शेवटचं, एकशे चौदावं शिखर म्हणजे हा माझा बुटका डोंगर. तीस वर्षं झाली त्याला. डोंगर फिरणाऱ्यांच्या क्लबने लाकडी पाटी दिली, जी त्यांच्याखेरीज फक्त सात जणांकडे आहे; ती दुकानात गल्ल्याच्या वर टांगलेली असायची. लोक अजून त्यांना 'एकशेचौदा' म्हणूनच हाक मारतात. भाजीवालासुद्धा.

आता क्लबच्या पत्रिकेत छापून येणार, की खांबाचं टोक हे शिखरच नव्हे. म्हणजे भाऊजींचे झाले एकशे तेरा. सत्तर वर्षांच्या माणसाला सांगायचं, बाबा रे, तुझी ती एक पुरी झालेली गोष्टही अर्धवटच आहे, आणि तीसुद्धा तुझ्या वहिनीच्या सहीमुळे.

आता खांब म्हणजे काय ते सांगते. हा डोंगर सगळ्यांपासून लांब. शेवटच्या बसथांब्यावरून धरणापर्यंत जीप, धरणापासून दिवसभराची चाल, मग तळ्याकाठी दगडी झोपडी, तिथे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी चढ. वर दोन टोकं आहेत, उत्तरेचं आणि दक्षिणेचं, आणि दोन्हींच्या मध्ये खिंड. इकडून बघितलं की तिकडचं उंच वाटतं, तिकडून बघितलं की इकडचं. पण उत्तरेच्या टोकावर मोजणीचा सिमेंटचा खांब आहे, कमरेएवढा. खांब दिसला की माणूस म्हणतो, चला, पोचलो. फोटो काढतो, डबा खातो आणि उतरायला लागतो. दुसऱ्या टोकाकडे जायचं कुणाच्या मनातही येत नाही.

तो खांब माझ्या नवऱ्याने बांधला. तो नकाशा कचेरीत मोजणीदार होता. वर्षातले सात महिने डोंगरात, पाच महिने घरी, आणि घरी असला तरी जीव डोंगरात. तो कोन मोजून वह्या भरायचा आणि त्या वह्या आमच्या गणित विभागात यायच्या. धुराचा आणि ओल्या लोकरीचा वास असायचा त्यांना. आमचं जुळलं ते त्या वह्यांतूनच. तो नऊ इतका भिकार काढायचा की मला तो एक वाटायचा, आणि मी त्याला बोलावून घेऊन झापायचे. दोन वर्षं त्याने निमूट झापून घेतलं आणि मग एक दिवस म्हणाला, "रोज इथे यायचा कंटाळा आला. घरीच झापत जा." लग्नानंतरही मी त्याला अरे-तुरेच करत राहिले. ऑफिसात लागलेली सवय, ती सुटते कुठे?

काय खोली होती ती! लांबलचक, एका बाजूला सगळ्या खिडक्या, अकरा टेबलं, अकरा बायका आणि हाताने फिरवायची गणकयंत्रं. सगळ्यांचे दांडे एकदम फिरायला लागले की असा काही करकराट व्हायचा की शेजारच्या खोलीतले साहेब दार लावून घ्यायचे. प्रत्येक गणित दोघींनी वेगवेगळं करायचं. उत्तर जुळलं तरच सही. आम्ही एकमेकींच्या चुका पकडायला टपलेल्या असायचो आणि चूक सापडली की जिची चूक तिने सगळ्यांना चहा पाजायचा. मी वर्षाकाठी जेमतेम दोनदा पाजला असेन. आता म्हणे त्या खोलीत दोन कॉम्प्युटर आहेत आणि कुंडीत एक झाड. मला कुणी आज जाऊन तासभर तिथे बसू दिलं तर मी त्यांना रोज चहा पाजीन.

तर त्या वर्षी तो या डोंगरावर गेला आणि मी घरी पोटुशी. वर सहा दिवस नुसतं धुकं. त्या धुक्यात जे टोक हाताला लागलं तिथे त्यांनी खांब ओतला. सिमेंट आणि पाणी माणसांनी पाठीवर वाहून नेलेलं, थांबून चालणारं नव्हतं. सातव्या दिवशी आभाळ उघडलं. त्याने खांबावर यंत्र लावलं, दुर्बीण समोरच्या टोकाकडे वळवली. समोरचं टोक किंचित वर होतं. खांब सर्वात उंच जागी नसला तर बिघडत नाही, पण मग उंच जागा वेगळी मोजायची असा नियम. त्याने कोन वहीत लिहिला. आता तिकडे जाऊन अंतर मोजायचं, की झालं. तेवढ्यात धरणावरून माणूस धावत वर आला. बायको दवाखान्यात आहे, लवकर या, अवघड आहे म्हणतात. त्याने यंत्र उचललं आणि तो जो सुटला तो दीड दिवसात माझ्या खाटेपाशी. दाढी वाढलेली, बुटांना चिखल, नर्स आत सोडेना तर तिच्याशी भांडला. लेक झाली. आम्ही दोघी वाचलो.

चार महिन्यांनी मी कामावर गेले तर तीच वही माझ्या टेबलावर. कोन आहे, अंतर नाही. अंतराशिवाय उंची निघत नाही. त्याला विचारलं तर त्याचा चेहरा पडला. "पुढच्या हंगामात जाऊन येतो," म्हणाला. पुढच्या हंगामात त्याला दुसऱ्याच टोकाला पाठवलं, देशाच्या म्हणते मी. नकाशा छापायला जायचा होता, वरून रोज विचारणा. मी खांबाची उंची उचलली, 'सर्वोच्च बिंदू'च्या रकान्यात लिहिली आणि सही ठोकली. पडताळणीला बसलेल्या मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं, माझ्या सुटलेल्या पोटाकडे बघितलं आणि तिनेही सही केली. त्या दिवशी चहा कुणी पाजला नाही.

मग तेरा वर्षांनी भाऊजींनी तिथे जाऊन यादी पुरी केली. सगळ्या घरात आनंदीआनंद, आणि माझा नवरा मात्र रात्रभर कूस बदलत. मी म्हणाले, सांगून टाक ना त्याला. तर म्हणाला, "काय सांगू? माझ्या चुकीमुळे तुझी यादी अपुरी राहिली? त्याने आयुष्यात एक गोष्ट पुरी केलीय गं." त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. सहा वर्षांपूर्वी तो गेला. शेवटच्या आठवड्यात एकदा म्हणाला होता, "त्या पोराला तेवढं दुसऱ्या टोकावर ने कधीतरी." पोर तेव्हा चौसष्ट वर्षांचं होतं.

मी सहा वर्षं नेलं नाही. आज, उद्या, गुडघे, पाऊस. आता मात्र दोन महिन्यांची मुदत मिळाली होती.

माझा बेत साधा होता. बातमी फुटायच्या आत भाऊजींना दक्षिणेच्या टोकावर उभं करायचं. कारण सांगायचं नाही. एकदा तिथे पाय लागले की बातमी येऊ दे नाहीतर तिचं काहीही होऊ दे. मग मला म्हणता येईल, "तुमचं काय बिघडलं भाऊजी? तुम्ही तर दोन्हीकडे जाऊन आलात!"

मी त्यांच्या खोलीवर गेले. दुकानाच्या वरचीच खोली. दुकान आता बंद केलंय, पण टेबलावर अजून भिंगांचे ट्रे, खिळ्याला जुने बूट टांगलेले, आणि भिंतीवर नकाशेच नकाशे. त्यांनी चहा केला. मी एकदम विषयाला हात घातला.

"भाऊजी, मला तो डोंगर बघायचाय. तुमचा एकशे चौदावा."

त्यांचा कप तोंडाशी नेता नेता थांबला. "आता? या वयात?"

"मग काय मेल्यावर दाखवणार? ज्या डोंगराची उंची मी काढली तो मी आयुष्यात बघितला नाही. लाज वाटते सांगायला."

मला वाटलं, नाहीच म्हणतील. कारण बाकी एकशे तेरा डोंगरांबद्दल हा माणूस समोरच्याला झोप येईपर्यंत बोलतो, पण या डोंगराबद्दल कधी चार वाक्यं धड बोलला नाही. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "जाऊ. मलाही एकदा जायचंच होतं."

सहा आठवडे मी पाठीला पाच किलो तांदूळ बांधून आमच्या इमारतीचा चार मजल्यांचा जिना चढत-उतरत होते. शेजारणीने विचारलं, तांदूळ घेऊन कुठे निघालात? म्हटलं, डोंगरावर. त्यानंतर ती माझ्याशी जरा हळू आवाजात बोलायला लागली. लेकीने फोनवर घर डोक्यावर घेतलं. "आई, तुला वेड लागलंय का?" म्हटलं, "तुझ्या पायी जे राहिलं ते उरकायला चाललेय, गप बस." तिला काही कळलं नाही ते बरंच झालं.

धरणावर जीपमधून उतरलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते. समोर लांबलचक दरी, मधून ओढा, आणि ओढ्याच्या कडेने पायवाट. भाऊजींनी गुडघ्याला पट्टा बांधला, हातात काठी घेतली, आणि माझ्या डोळ्यांसमोर हा माणूस वीस वर्षांनी तरुण झाला. "वहिनी, पहिला तास मुंगीसारखं चालायचं. पहिल्या तासात जो मिरवतो तो चौथ्या तासात रडतो." हे त्यांचं नेहमीचं भाषण. मी ते आमच्या जेवणाच्या टेबलावर शंभरदा ऐकलं होतं.

वाट तीनदा ओढा ओलांडते. दुसऱ्या ओलांडणीपाशी पाय घसरला तर थेट पाणी गुडघ्यापर्यंत. पुढे एक मोठी पाणथळ, वरून हिरवीगार आणि खाली नुसता लगदा. तिथे वाटेवर न चालता डाव्या कडेच्या दगडांवरून जायचं, हे भाऊजींना पाठ होतं. मला निराळंच काही पाठ होतं. एका वळणावर उजवीकडे काळा सुळका दिसला आणि मी एकदम उभी राहिले. त्या सुळक्याचा कोन मी तीनदा तपासला होता. नवऱ्याचा तो भिकार नऊ त्याच्याच आकड्यात होता. आकडा इतकी वर्षं डोक्यात होता, आणि आता तो सुळकाच पुढ्यात, अंगावर शेवाळ, माथ्यावर दोन कावळे. मला रडूच आलं. भाऊजींना वाटलं पायात गोळा आला.

वाटेत आम्ही दर रविवारच्या गोष्टी काढल्या. दर रविवारी भाऊजी आमच्याकडे जेवायला असायचे. जेवण झालं की टेबलावर नकाशा पसरायचा, चार कोपऱ्यांवर चार वाट्या, आणि दोघा भावांचा वाद सुरू. वाट इथून जाते की तिथून. मी उष्टी ताटं घेऊन उभी, आणि यांना टेबल सोडवत नाही. एकदा रागाच्या भरात मी नकाशावरच आमटीचं भांडं ठेवलं होतं. तो गोल डाग भाऊजींनी पुढे वीस वर्षं 'वहिनींचं तळं' म्हणून दाखवला.

खरं तळं आम्हाला दुपारी चारला दिसलं. काठावर दगडी झोपडी, छपरावर गवत उगवलेलं. झोपडी सांभाळणारी बाई आमच्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही दोघं? वर?" भाऊजी म्हणाले, "ह्या वर जाणार, मी ह्यांची पिशवी धरणार." बाईने आम्हाला चुलीजवळची जागा दिली. साडेसातला आम्ही दोघं घोरत होतो.

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ. तळ्याच्या मागून सरळ छातीवरचा चढ, नागमोडी, सुट्या खड्यांचा. चार पावलं चढायची आणि थांबायचं. मी जिन्याचे मजले मोजत होते. एकशे दहाव्या मजल्यानंतर मोजणं सोडलं. अकराच्या सुमाराला आम्ही खिंडीत पोचलो आणि भाऊजी जे एका दगडावर बसले ते उठायलाच तयार नाहीत. पट्टा सोडून बघितलं तर गुडघा टम्म सुजलेला.

डावीकडे दक्षिणेचं टोक, उजवीकडे उत्तरेचं. दोन्ही अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चढावर. वारा असा की बोललेलं तोंडातून उडून जावं.

"एकच जमेल वहिनी," ते म्हणाले. "मग उतरायला पाय शिल्लक ठेवायला पाहिजे."

"हरकत नाही," मी म्हणाले. "दक्षिणेला जाऊ."

"उत्तरेला," ते म्हणाले, जवळजवळ माझ्याबरोबरच.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"दक्षिणेला चांगलं दिसतं म्हणतात," मी म्हणाले.

"कोण म्हणतं? तिकडे कुत्रंसुद्धा जात नाही. खांब इकडे आहे."

"खांब तुम्ही बघितलाय!"

"तुम्ही नाही ना बघितला! दादाने बांधलेला खांब इथे अर्ध्या तासावर आहे आणि तुम्हाला तो बघायचा नाही? मग आलात कशाला एवढ्या लांब?"

मला तो खांब बघायचा होता, फार बघायचा होता. पण मी म्हणाले, "मला दक्षिणेलाच जायचंय. माझा हट्ट आहे समजा."

"हट्ट करायचं हे वय आहे का?"

"गुडघा फुगवून डोंगर चढायचं तुमचं वय आहे का?"

"मी सांगतो ना उत्तरेला! इतक्या वर्षांत तुमच्याकडे काही मागितलं नाही वहिनी, एवढं एक ऐका!" ते ओरडले. भाऊजी माझ्यावर आयुष्यात ओरडले नव्हते. आणि माझं डोकं सटकलं.

"अहो, तिकडे चार फूट जास्त आहेत!" मी म्हणाले. "तेच खरं शिखर आहे! तुमच्या दादाने ते मोजलं नाही आणि मी खोटी सही केली. आता पंधरा दिवसांत सगळ्या जगाला कळणार आहे, आणि तुमचे एकशे तेरा होणार आहेत, कळलं? म्हणून तुम्हाला ओढत आणलंय. आता उठा आणि चला मुकाट्याने!"

मग मी सगळं सांगितलं. धुकं, धावत आलेला माणूस, दवाखाना, अंतर नसलेला कोन, नवऱ्याचं शेवटच्या आठवड्यातलं बोलणं. सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हते. खाली बुटाने खडे उकरत होते. सांगून झाल्यावर वाट बघत राहिले, आता हा माणूस काय म्हणतो. शिव्या दिल्या असत्या तरी मी घेतल्या असत्या.

मग त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "तिकडच्या टोकावर एक सपाट दगड आहे का? पांढरा पट्टा असलेला? आणि शेजारी पाण्याचं डबकं?"

"मला काय माहीत? मी कधी आले होते?"

"आहे," ते म्हणाले. "मला माहीत आहे. मी त्या दगडावर दोन तास बसलो होतो."

मला काही समजेना.

"वहिनी, मी खांबाला हात लावलाच नव्हता. मी आलो त्या दिवशी धुकं असं होतं की माझाच हात मला दिसेना. चष्मा पुसतोय, पुन्हा पुसतोय. अख्ख्या गावाला चष्मे दिले मी, आणि मलाच काही दिसेना. या खिंडीत उजवीकडे वळायचं, तर मी वळलो डावीकडे. वर पोचलो. खांब नाही. वेड्यासारखा फिरलो, हातांनी चाचपत फिरलो. दोन तास. मग अंधार पडायच्या भीतीने उतरलो. खाली गेल्यावर कळलं, आपण चुकीच्या टोकावर गेलो. घरी आलो तर दारात दादा. त्याने विचारलं, खांब बघितलास? आता दादाने बांधलेला खांब मला सापडला नाही, हे दादाला कुठल्या तोंडाने सांगू? मी म्हणालो, बघितला, हात लावला. आणि दादाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला वाटलं, आनंदाने. त्यानंतर त्याने कधी विषय काढला नाही. मग मला वाटायला लागलं, याला कळलंय. मी खोटं बोललो हे याला कळलंय आणि हा मला लाजवायला नको म्हणून गप्प बसतोय. दर रविवारी तुमच्याकडे जेवायला बसलो की पहिल्या घासाला मला तेच आठवायचं. क्लबची ती पाटी मी नाही म्हणणार होतो. पण सगळे टाळ्या वाजवत होते."

"परत का नाही गेलात?"

"लोकांनी विचारलं असतं, परत कशाला? आणि मग पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. मग दादा गेला. आता म्हटलं, निदान मरायच्या आत एकदा खरंच हात लावावा."

मी त्यांच्या शेजारी बसले. डोक्यात गणित जुळवायला लागले, आणि ते इतकं सोपं होतं की माझा विश्वास बसेना. मी दुसऱ्यांदा केलं, आमच्या विभागाच्या पद्धतीप्रमाणे. उत्तर जुळलं.

"अहो," मी म्हणाले, "म्हणजे तुम्ही खऱ्या शिखरावर जाऊन आलात."

"काय?"

"तीस वर्षांपूर्वी. ज्यांनी ज्यांनी खांबाला हात लावला त्या सगळ्यांचे आता एकशे तेरा. तुमचे तेवढे एकशे चौदा. पहिल्या दिवसापासून."

भाऊजींनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. दक्षिणेकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि मग त्यांना जे हसू फुटलं! अंग गदगदा हलायला लागलं, काठी हातातून सुटली. "म्हणजे क्लबातल्या त्या सात जणांचा..." आणि पुढे बोलताच येईना. मीही हसायला लागले. दोन म्हातारी माणसं त्या वाऱ्यात एका दगडावर बसून पोट धरून हसत होती. आणि हसता हसता कधी ते रडायला लागले ते मला कळलंच नाही.

"त्याला माहीत नव्हतं वहिनी," ते म्हणाले. "त्याला वाटायचं त्याने मला फसवलं, आणि मला वाटायचं मी त्याला. चोवीस वर्षं, एकाच टेबलावर!"

मी त्यांचा हात धरून बसले.

थोड्या वेळाने ते उठले. माझ्याकडे न बघताच उजवीकडे चालायला लागले. उत्तरेला. मी पिशवी उचलली. त्या अर्ध्या तासाच्या चढाला आम्हाला सव्वा तास लागला. शेवटच्या टप्प्यात ते हातांवर आले होते, आणि मी मागून त्यांना ढकलत होते.

खांब मला वाटला होता त्याहून लहान निघाला. कमरेएवढा खरा, पण अंगाने बारका. एका बाजूचं सिमेंट ओघळून घट्ट झालेलं. ओतताना लावलेली फळी जरा कलली असणार धुक्यात. भाऊजींनी दोन्ही तळवे त्याच्यावर ठेवले आणि तसेच उभे राहिले. मग खाली वाकून त्याच्या कडेने नजर लावली, चष्म्याच्या काड्या तपासताना लावायचे तशी.

"वाकडाय," ते म्हणाले. "दादा, अरे वाकडा बांधलास! जन्मभर मला काटेकोरपणा शिकवलास, आणि हा बघ, वाकडा!" त्यांनी खांबाला एक चापट मारली, मग त्याच जागेवर हात फिरवला. "एकदा विचारायचंस तरी गाढवा. एकदा मला विचारायचंस, खांब खरंच सापडला का रे तुला? मी सांगितलं असतं. लगेच सांगितलं असतं."

मी पुढे जाऊन खांबावर हात ठेवला. थंडगार होता. समोर दक्षिणेचं टोक उन्हात स्वच्छ दिसत होतं, आणि खरं सांगते, इथूनसुद्धा ते उंच आहे हे मला कळलं असतं. भाऊजी डोळे पुसत पुन्हा हसायला लागले होते, त्या सात जणांची नावं घेऊन. मलाही हसू आवरेना. आणि मनात आलं, हे घरी गेल्या गेल्या त्याला सांगायचं, दारातच सांगायचं, बूटसुद्धा काढायच्या आधी. मी शब्द जुळवायलासुद्धा लागले होते. पहिलं वाक्य पुरं तयार झालं होतं, तेव्हा मला आठवलं.